वगळलेलं घर

मिशनच्या आठवड्यात कोणी कुठल्या घरी जायचं, हे रविवारच्या उपासनेनंतर चर्चमागच्या निलगिरीखाली ठरतं. त्या रविवारीही मी सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि म्हटलं, "मला रुगारामाची टेकडी द्या." टेकडी लांब आहे, चढ वाईट आहे आणि वाटेत दोन ओढे लागतात. साठीला टेकलेली बाई असली टेकडी मागून घेते म्हटल्यावर मंडळीत कौतुकाची कुजबुज झाली. मला ती आवडते, खोटं कशाला बोलू.

यादी निन्सीमाच्या हातात होती. ही निन्सीमा माझीच. पोटची नव्हे, पण सहा वर्षांपूर्वी मी तिच्या घरी खेटे घालून घालून तिला प्रभूकडे आणली, तेव्हापासून ती मला आई म्हणते. यादीवरची नजर न काढता ती म्हणाली, "आई, रुगारामाला तुम्ही चारदा जाऊन आलात. तुमच्या शेजारचं घर मात्र कोणाच्याच नावावर नाही. मागच्या वर्षी नव्हतं, त्याच्या आदल्या वर्षीही नव्हतं."

"कुठलं घर?" मी विचारलं. जसं काही माझ्या शेजारी दहा घरं आहेत.

"केन्यांगीबाईंचं."

पाळक हसले. "लांब जाऊन जाऊन तुमचे गुडघे झिजले, दोरोकासी. आता जरा जवळ जा. निन्सीमाला घ्या सोबत."

सगळे हसले, मीही हसले, आणि निन्सीमाने माझ्या नावापुढे केन्यांगी लिहून टाकलं.

त्या दुपारपासून माझा पाय एका जागी ठरेना. चुलीवर राजमा शिजायला ठेवला होता, तो खाली लागला. बटाट्याची एकच सरी दोनदा खुरपली. नवरा बांधावर बसून बघत होता. एरिफाझी हा रविवारपुरता ख्रिस्ती माणूस. तो म्हणाला, "त्या सरीने तुझं काय घोडं मारलंय?" मी खुरपं टाकलं आणि पाणी आणायला गेले. हंडा भरलेलाच होता.

काय झालं होतं ते आता सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

अकरा वर्षांपूर्वी केन्यांगीची आई आजारी पडली, तेव्हा ती दोन महिने माहेरी जाऊन राहिली. त्याच पावसात आमच्या दोघींच्या शेतांमधली दरड घसरली आणि हद्दीची झाडं वाहून गेली. आमच्याकडे हद्दीला लांब पानांचं एक झाड लावतात. त्याची कांडी नुसती खोचली तरी रुजते. मी नव्या कांड्या घेऊन गेले. पहिली कांडी खोचली ती खरोखर अंदाजाने. चिखलच चिखल होता, काही ओळखू येत नव्हतं. मग वरच्या टोकाला मातीतून एक काळा दगड डोकावताना दिसला. ती जुनी खूण होती. तिथून बघितलं तर माझी कांडी तीन पावलं केन्यांगीच्या शेतात गेलेली. मी ती उपटायला हवी होती. मी दगडावर माती ओढली आणि बाकीच्या पाच कांड्या पहिलीच्या रेषेत लावल्या.

त्या वेळी माझं तारण होऊन नऊ वर्षं झाली होती. हे विसरू नका, मीही विसरलेली नाही.

आईला पुरून केन्यांगी परत आली. मी तिला म्हटलं, "दरड आली होती गं. तू नव्हतीस, म्हणून मीच कांड्या लावून ठेवल्या." तिने माझे दोन्ही हात धरले. दुसऱ्या दिवशी ती टोपलीभर ज्वारी घेऊन आली. मी ती घेतली, दळली आणि खाल्ली.

आम्ही बलोकोले. तारण पावलेली माणसं म्हणून आम्हाला खोऱ्यात वेगळं ओळखतात. आमच्यात एक क्रम आहे. ज्याचं घेतलंय त्याला आधी परत करायचं, चारचौघांत कबूल करायचं, मग त्याच्या दारात उभं राहून प्रभूचं नाव घ्यायचं. घेतलेलं घरात ठेवून कोणाला उपदेश करता येत नाही. मी चाळीसएक माणसांना हाच क्रम शिकवला. त्यामुळे केन्यांगीचं दार मला बंद झालं. बंद तिने केलं नव्हतं, मीच केलं होतं. प्रभू जाताना शिष्यांना शेवटचं काम सांगून गेला, की जा आणि माणसं माझ्याकडे आणा. ते काम मी तीन टेकड्या आणि दोन खोऱ्यांत जीव तोडून केलं. या एका दारावरून मात्र मान खाली घालून जात राहिले.

सोमवारी सकाळी निन्सीमा हजर. धुतलेला गोमेसी, म्हणजे आमचा पायघोळ झगा, डोक्याला फडकं, काखेत पुस्तक. "चला आई. मी रात्री प्रार्थना केलीय. मला वाटतं, आज काहीतरी होणार."

काहीतरी होणार याची मला तिच्यापेक्षा जास्त खात्री होती.

केन्यांगी अंगणात ज्वारी पाखडत होती. विधवा बाई, माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ. ज्वारीची दारू गाळून विकते आणि विकताना पिणाऱ्याला चार शब्द सुनावते. तिच्या आईच्या अंगात न्याबिंगी ही जुनी देवी यायची, हे गाव अजून विसरलेलं नाही. आम्हाला बघून तिने सूप खाली ठेवलं.

"बाई बाई! दोरोकासी, आणि माझ्या अंगणात? कुंपणावरून मीठ मागणारी तू, आज दारातून आलीस? कोणी मेलं का?"

"कोणी मेलं नाही," मी म्हटलं.

"मग पुस्तक कशाला आणलंत?"

निन्सीमाने माझ्याकडे बघितलं. बोलायची सुरुवात मीच करायची होती, जोडीतली थोरली मी. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "यंदा तुझं बटाट्याचं बियाणं कसं आहे?"

केन्यांगीने डोळे बारीक केले. "बियाणं? बियाण्याचं मला आता काय करायचंय! बरं झालं आलीस, मीच निरोप पाठवणार होते. शनिवारी मी चालले. लेक कासेसेला बोलावतेय, कायमची. शेत पुतण्याला दिलं, तुर्यातुंगा मास्तरला. गुरुवारी सकाळी मोजणी आहे. गावचे चेअरमन येणार आहेत. हद्दीला साक्षीदार म्हणून तुझं नाव घातलंय."

"माझं का?"

"मग कोणाचं घालू? त्या खालच्या बेवड्याचं? मास्तर विचारत होता, हद्दीची खात्री काय. मी म्हटलं, कांड्या दोरोकासीने लावल्यात, तिला विचार. ती माणसं खोटं बोलत नाहीत. तिने सांगितलं की झालं, दोरी लावायचीसुद्धा गरज नाही."

निन्सीमाचा चेहरा उजळला. तिने माझा दंड दाबला. परत येताना ती जवळजवळ नाचत होती. "बघितलंत आई? तुम्ही तिला एक शब्द सांगितला नाहीत, तरी तुमच्या वागण्याने सांगितलंच की! आता गुरुवारी सही झाली की आपण तिला विचारू, ज्याच्यामुळे ही बाई खोटं बोलत नाही तो कोण, ते ऐकायचंय का? किती सोपं केलं प्रभूने."

डोकं दुखतंय म्हणून मी घरात गेले.

मंगळवारी मी पळाले. दुसरा शब्द नाही. उजाडताच काठी घेतली आणि एकटी रुगारामाची टेकडी चढले. मला कोणी पाठवलं नव्हतं. वरच्या वाडीत एक नवरा-बायको भांडत होते. त्यांना बसवलं आणि माझी साक्ष सांगितली. ती मला तोंडपाठ आहे. मी कशी होते, कोणत्या वर्षी प्रभूने मला गाठलं, त्या दिवसापासून पाप कसं मागे टाकलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं ठरलेलं. बायको रडली. नवऱ्याने टोपी काढली. मी ओढे ओलांडून उतरले तेव्हा मला माझीच शिसारी येत होती.

वाटेत मी स्वतःला पटवत होते. असली समजूत घालण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मी म्हणत होते, दोरोकासी, हे तुझ्यापुरतं असतं तर तू कधीच सांगून टाकलं असतंस. पण त्या चाळीस माणसांचं काय? तू पडलीस की ती पडतील. लोक म्हणतील, हाच का तुमचा येशू, शेजारणीचा बांध कोरणारा. मग कोण ऐकेल आमचं? गप्प बसणं हीच आता सुवार्तेची सेवा आहे. केन्यांगीला काय, ती चाललीच आहे. तीन पावलांनी तिचं काय अडलंय? मास्तरकडे बक्कळ जमीन आहे. असं बोलत बोलत मी घरी पोचले. बाकीचं सगळं पटलं, पण पाय कुंपणाच्या बाजूला वळेना, म्हणून मागच्या दाराने आत गेले.

बुधवारी निन्सीमा शेंगा सोलायला येऊन बसली. बसली म्हणजे तोंड चालू झालं.

"आई, एक विचारू? तुम्ही माझ्या घरी पहिल्यांदा आलात तेव्हा तुम्हाला भीती वाटली होती?"

"कशाची?"

"मी हाकलून देईन याची. हाकललंच होतं की मी. भांडी घासलेलं पाणी फेकलं होतं तुमच्यावर." ती खुदखुदली, मग गंभीर झाली. "आणि नंतर ते सासूच्या शालीचं. मी तिची शाल चोरून बाजारात विकली होती ना. मी तुम्हाला म्हटलं, आता प्रभूची झाले, आता सासूला पण सांगते प्रभूबद्दल. तुम्ही काय म्हणालात आठवतं?"

मला आठवत होतं.

"तुम्ही म्हणालात, आधी शाल परत कर, मग तोंड उघड. मी म्हटलं, आई, घरात दिराचं लग्न आहे, पन्नास माणसं आहेत, नंतर सांगते. तुम्ही म्हणालात, पन्नास माणसं आहेत तर बरंच झालं, पन्नासदा सांगावं लागणार नाही." निन्सीमा शेंग तशीच हातात धरून हसत होती. "काय मेल्यासारखी झाले होते मी! पण सांगितलं. सासूने थोबाडीत मारली, आणि पुढच्या महिन्यात माझ्याबरोबर चर्चला आली. तुम्ही तेव्हा ढकललं नसतंत तर मी आजही त्या शालीखाली दडून बसले असते."

मी उठले. दाराबाहेर गेले, परत आत आले, पुन्हा बाहेर गेले.

"आई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"नाही," मी म्हटलं. त्या आठवड्यात मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं.

गुरुवारी धुकं उठायच्या आत माणसं शेतात जमली. चेअरमन छत्री घेऊन, तुर्यातुंगा मास्तर इस्त्रीच्या पँटवर गमबूट घालून, केन्यांगी आंबिलीने भरलेला भोपळा घेऊन, कारण मोजणीला आलेल्यांना कोरडं पाठवत नाहीत. एरिफाझी फुकटची आंबील मिळते म्हणून आला होता. निन्सीमा माझ्या मागे उभी होती. सहा कांड्यांची आता सहा झाडं झाली होती, माझ्या डोक्याच्या वर गेलेली, एका रेषेत.

चेअरमननी कागद उलगडला. "हं, तर दोरोकासी. ही झाडं तुम्ही लावलीत?"

"हो."

"हीच हद्द?"

सगळे माझ्याकडे किती निवांतपणे बघत होते! कोणाला उत्तराची घाईसुद्धा नव्हती. मास्तर खिशातलं पेन काढत होता.

"नाही," मी म्हणाले.

"काय?"

"हद्द ही नाही. हद्द तिकडे आहे, माझ्या बाजूला, तीन पावलं. दरड आली तेव्हा मी कांड्या केन्यांगीच्या शेतात लावल्या. पहिली चुकून, बाकीच्या जाणूनबुजून. जुना दगड मला दिसला होता. मी तो मातीने झाकला."

सगळ्यात आधी बोलला तो माझा नवरा.

"तीन पावलं?" एरिफाझी म्हणाला. "अकरा वर्षं मी चोरीचे बटाटे खातोय आणि मला कोणी सांगितलं नाही?"

चेअरमनना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. "बलोकोलेसुद्धा?" ते मास्तरला हळूच म्हणाले, पण ऐकू सगळ्यांना गेलं. मी वरच्या टोकाला गेले, गुडघ्यावर बसले आणि हातांनी माती उकरायला लागले. दगड सापडेना. अकरा वर्षांत माती बसली होती. नखं दुखायला लागली. तेवढ्यात माझ्या शेजारी आणखी दोन हात आले. निन्सीमा. ती माझ्याकडे बघत नव्हती, तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण ती उकरत होती. काळा दगड वीतभर खाली निघाला.

मग मी केन्यांगीकडे वळले. मातीने भरलेले हात पुढे धरले आणि आमच्यात म्हणतात तसं म्हटलं, "मी तुझं चोरलं. मला क्षमा कर."

मला वाटलं आता शिव्या देईल. तिच्याकडे शिव्यांचा तुटवडा कधीच नव्हता. पण तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणून आली नाहीस?"

"काय?"

"म्हणून तू माझ्या दारात कधी आली नाहीस? एवढ्यासाठी?"

"हो."

"तीन पावलांसाठी?" तिचा आवाज चढला. "अगं, मला वाटलं माझ्या आईमुळे! मला वाटलं, न्याबिंगीवालीची पोर, दारू गाळणारी, हिला कशाला विचारायचं, असं तुमच्यात ठरलंय. तू बेवड्यांकडे गेलीस. तू त्या खालच्या रांडेकडे गेलीस, ती आज तुमच्यात टाळ्या वाजवून गाते. तुरुंगातून सुटून आलेल्याकडे गेलीस. मी म्हटलं, म्हणजे मी त्यांच्याहून वाईट. मोठ्या मिशनचं वर्ष आठवतं? घरोघर फिरलात ते?"

मला आठवायला नको होतं.

"मी अंगण सारवलं होतं. आंबील करून ठेवली होती. ठेवणीतला गोमेसी नेसून उंबऱ्यात बसले होते. म्हटलं, आज येतील. तुमचा ताफा कुंपणापर्यंत आला, गात गात. आणि तू पुढे होतीस. तू हात केलास त्यांना. असा." तिने हात करून दाखवला, बाजूला, माशी वारावी तसा. "इकडून नको, तिकडून. आणि सगळे वळले. मी बघितलं, दोरोकासी. मग मी आत जाऊन कपडे बदलले आणि ती आंबील डुकराला घातली."

तो हात मला ओळखीचा होता. माझाच होता. ताफ्यातल्या कोणी केन्यांगीला सहज विचारलं असतं, हद्दीच्या झाडांबद्दल सहज काही निघालं असतं, त्या भीतीने मी तो केला होता. ती उंबऱ्यात बसलीय हे मी तेव्हा बघितलं होतं. गोमेसीचा रंग निळा होता.

"जमीन मास्तरला दे, दगडापर्यंत," केन्यांगी म्हणाली. "ती परत देता येते." आणि भोपळा तिथेच ठेवून ती घरात गेली. दार लावून घेतलं.

त्याच दुपारी मी मंडळीपुढे उभी राहिले आणि सगळं पुन्हा सांगितलं. मी दारूतून बाहेर काढलेला एकजण मधेच उठून गेला. तो परत आलेला नाही. आणखी दोघीजणी माझ्याशी बोलत नाहीत. पाळकांनी सहा महिने साक्ष द्यायला उभं राहायची बंदी घातली, ती योग्यच होती. बाहेर पडताना मी निन्सीमाला म्हटलं, "आता मला आई म्हणू नकोस." ती रागाने म्हणाली, "ते मी ठरवीन." आणि भराभरा पुढे निघून गेली.

शुक्रवारी मी केन्यांगीच्या दारात जाऊन बसले. बंदी उभं राहून बोलायची होती, बसून बोलायची नव्हती. ती आत सामान बांधत होती. बऱ्याच वेळाने तिने राजम्याच्या शेंगांचं पोतं माझ्या पुढ्यात आदळलं. "बसलीच आहेस तर सोल. लेकीला न्यायच्यात."

मी सोलायला लागले. थोड्या वेळाने तीही समोर येऊन बसली. अर्धं पोतं सोलून झालं.

"सांग की," ती म्हणाली. "की अजून वळसा घालायचाय?"

"काय सांगू?"

"जे सगळ्यांना सांगतेस ते. मला काय त्यातलं वेगळं मिळणार आहे?"

मी सुरुवात केली, वीस वर्षांपूर्वी प्रभूने मला गाठलं, त्या दिवसापासून मी पाप... आणि अडकले. पुढचं वाक्य समोरच्या बाईला सांगता येण्यासारखं नव्हतं. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अडकले. इतकी वर्षं तोंडपाठ असलेलं एक वाक्य वापरता येईना. शेवटी मी कशीबशी म्हणाले, की मला त्याने एकदा गाठलं, मग मी लपले, आणि तो अकरा वर्षं रोज या कुंपणापाशी माझी वाट बघत उभा होता, आणि मी रोज दुसऱ्या टेकडीवर जाऊन त्याच्याबद्दलच बोलत होते. तो कसा आहे हे सांगताना मी दोनदा रडले आणि एकदा गोष्टच चुकले. केन्यांगी मधे मधे विचारत होती. "मग माझ्या आईचं काय?" मला उत्तर येत नव्हतं, मी तसं सांगितलं. "दारू सोडावी लागते?" हो म्हटलं. "अरे देवा," ती म्हणाली. पोतं रिकामं झालं तेव्हा उन्हं उतरली होती.

शनिवारी सकाळी तिला बसपर्यंत पोचवायला मी आणि निन्सीमा गेलो. पोतं निन्सीमाच्या डोक्यावर, गाठोडं माझ्या. टपावर सामान चढलं. केन्यांगीने तोच निळा गोमेसी नेसला होता. मी काही विचारलं नाही. मला विचारायचा हक्क नव्हता.

तीच म्हणाली, "मी अजून काही ठरवलेलं नाही, कळलं? उगाच यादीत नाव घालू नकोस."

"नाही घालणार."

"तुझ्या अंगणात प्रार्थना व्हायची तेव्हा तुझं ते भाषण मी कुंपणामागून कितीदा ऐकलंय. फार छान करायचीस. ऐकताना मला वाटायचं, बाजारात कापड विकायला बसली तर श्रीमंत होईल. काल मात्र तू फारच वाईट सांगितलंस. मी कासेसेला गेल्यावर त्यावर विचार करणार आहे. तिथे चर्च लेकीच्या घराजवळच आहे म्हणे. कोणी बोलवायची वाट आता मी बघणार नाही."

निन्सीमाने तोंडावर हात धरला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. केन्यांगी पायरी चढली, मग खिडकीतून खाली वाकली. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक हिरवी कांडी होती. हद्दीच्या झाडाची. शुक्रवारी पहाटे मी ती सहाही झाडं उपटून टाकली होती, त्यांतलीच.

"तिकडे कुंपणाला लावीन म्हणते," ती म्हणाली. "शेजारीण कशी निघतेय कोण जाणे."

बस हलली. मी हसायला गेले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून ओक्साबोक्शी रडले. निन्सीमाने मला धरून ठेवलं. चढावरची धूळ खाली बसल्यावर ती म्हणाली, "चला आई, उशीर झालाय." आम्ही दोघी घरी आलो.